फलाटावर उतरविलेली लेकरे
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीच्या सभेत व्याख्यात्याने मंदिराच्या पायाच्या दगडापासून आरंभ करावा, मागील धर्मगुरूंचे उपकार स्मरावे आणि पुढील पिढीस चार उपदेशाचे शब्द सांगून खाली बसावे, असा प्रघात आहे. ते काम आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनी या दोन दिवसांत उत्तम रीतीने केले आहे. तेव्हा आमच्या वाट्यास आलेला वेळ आम्ही एका निराळ्याच विषयाकडे वळवीत आहो. विषय सणासुदीस शोभणारा नाही, याची आम्हांस जाणीव आहे. आईबापांवाचून परमुलखात निघालेले मूल आगगाडीतून उतरवावयाचे, त्याच्या घरच्यांस नीट न विचारता दिवसचे दिवस कुलुपात ठेवावयाचे, आणि त्यास 'सुटका' असे नाव द्यावयाचे, ही जी चाल आपल्या देशात व देशाबाहेरही रूढ होत आहे, तिचा निषेध आपण का करावा व कोणत्या रीतीने करावा, हा तो विषय होय.

प्रथम हकीकत सांगतो. २०२३ सालच्या मे महिन्याची ३० तारीख होती. दानापूरहून पुण्यास जाणाऱ्या गाडीत बिहारच्या अररिया भागातील ५९ मुले बसलेली होती. वये आठापासून सतरापर्यंत. पुणे व सांगली येथील मदरशांत शिकावयास ती निघाली होती व सोबत पाच वडील माणसे होती. मुले विक्रीकरिता नेली जात आहेत अशी वर्दी रेल्वेच्या सुरक्षा दलास मिळाली. भुसावळास २९ मुले उतरविली गेली, उरलेली ३० मनमाडास. सोबतच्या पाचही जणांवर मनुष्यव्यापाराचे कलम, म्हणजे तेव्हाच्या दंडसंहितेतील ३७० वे, लावण्यात आले. मुलांची रवानगी नाशिक व भुसावळ येथील निवारागृहांत झाली. तेथे ती बारा दिवस राहिली. तिकडे आईबापांनी संताप व्यक्त करून लेकरे परत मागितली, तेव्हा नाशिकच्या जिल्हा प्रशासनाने त्यांस बिहारात पोहोचते केले. वडील माणसे सुमारे चार आठवडे अटकेत होती. पुढे तपास चालला, आणि २०२४ च्या मार्चमध्ये रेल्वे पोलिसांनी प्रकरणे बंद करीत असल्याचे कळविले. मनुष्यव्यापार झालेलाच नव्हता. गैरसमजातून गुन्हा नोंदविला गेला होता, असे त्यांचे म्हणणे पडले.

'गैरसमज' हा शब्द फार सोयीचा आहे. दोन शेजाऱ्यांत बांधावरून होतो तोही गैरसमज आणि ५९ मुलांस बारा दिवस अडकवून ठेवतो तोही गैरसमज. मोठ्या माणसाच्या आयुष्यात बारा दिवस म्हणजे एका पंधरवड्याहून कमी; पण आठ वर्षांच्या मुलाचा हिशेब निराळा असतो. त्यास सीमांचलाची बोली व हिंदी-उर्दू समजते, भोवतालचे लोक मराठीत बोलतात, ज्या मौलवीचा हात धरून तो निघाला त्यास शिपायांनी बेड्यांकडे नेलेले त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे, आणि उद्या काय होणार हे त्यास सांगणारे कोणी नाही. अशा मुलास जेवण वेळेवर मिळाले, चादर स्वच्छ मिळाली, हे सर्व आम्ही धरून चालतो. तरीही ते कोंडलेलेच होते. आणि शेवटी ज्या शिक्षणासाठी ते निघाले होते ते बाजूस राहून त्यास गावी परत धाडण्यात आले.

मनमाड आपणांस परके नाही. नांदेडाहून मुंबईस जाणारी तपोवन व देवगिरी मनमाडावरूनच जाते. अमृतसरची सचखंड एक्सप्रेस तर मनमाड आणि भुसावळ ही दोन्ही स्थानके घेऊन पुढे सरकते. आपल्यापैकी कितीजणांनी त्या फलाटावर मध्यरात्री पोरांस कुशीत घेऊन गाडीची वाट पाहिली असेल! तेव्हा ही कोठली तरी दूरची, वर्तमानपत्रात वाचून विसरण्याजोगी गोष्ट आहे असे कोणी मानू नये.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याविना पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मुलांचा व्यापार हे काही कल्पित भूत नाही. मुंबईच्या जरीच्या कारखान्यांतून, जयपूरच्या बांगड्यांच्या भट्ट्यांतून, बिहारची लहान लहान पोरे वर्षानुवर्षे सोडविली गेली आहेत. ज्या गाड्यांनी विद्यार्थी येतात त्याच गाड्यांनी दलालही येतात. फलाटावर एखादे मूल भेदरलेले दिसले, त्यास धरून नेणाऱ्याचे उत्तर पटले नाही, तर पोलिसाने विचारावे, थांबवावे, चौकशी करावी. न केल्यास आम्ही त्यास दोष देऊ. रेल्वे सुरक्षा दलाने 'नन्हे फरिश्ते' या नावाने जे काम चालविले आहे, त्यातून घर सोडून पळालेली व चुकलेली पुष्कळ मुले आईच्या कुशीत परत गेली आहेत, हेही खरे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयाने १०९८ या दूरध्वनीची सेवा सुरू झाली. तिने तर या देशात मुलांची हाक ऐकण्याची सवयच नव्याने लावली. आमचा आक्षेप चौकशीस नाही. चौकशी एका दिवसात उरकण्यासारखी असता मुलास बारा दिवस ठेवणे, आणि बापाचा शब्द हा पुरावाच नव्हे असे मानून चालणे, यास आहे. अररियाच्या आईबापांस दूरध्वनी नव्हता काय? तेथे पोलीस ठाणे नाही काय? गावचा सरपंच नाही काय? एका सायंकाळी साठ घरी विचारणा करणे अवघड असेल, अशक्य खचित नव्हे.

कायदाही हेच सांगतो, आणि कायदा चांगला आहे. २०१५ चा बालन्याय अधिनियम आपल्यापैकी ज्यांनी वाचला नसेल त्यांनी त्याचे तिसरे कलम तरी एकदा वाचावे. मुलाचे पालनपोषण ही प्रथम त्याच्या कुटुंबाची जबाबदारी होय. मुलाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. आणि संस्थेत ठेवणे हा वाजवी चौकशीनंतरचा, सर्वांत शेवटचा उपाय होय, अशी तत्त्वे तेथे स्पष्ट लिहिली आहेत. मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्यास जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे उभे केले पाहिजे. या समितीत एक अध्यक्ष व चार सभासद असतात. त्यांत निदान एक स्त्री व एक मुलांच्या विषयातील जाणकार असावा लागतो. समितीस दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. ती मुलास आईबापांच्या स्वाधीन करू शकते, नात्यातील माणसाकडे सोपवू शकते, संस्थेत ठेवू शकते. सामाजिक चौकशीस पंधरा दिवस व अखेरच्या हुकुमास चार महिने ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा आहे. पण आपल्याकडे मर्यादेची रीत ठाऊक आहेच. पंधरा दिवसांची सवलत दिली म्हणजे पंधरावा दिवस उजाडेपर्यंत कागद हलत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारास भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. त्याच्या ३७ व्या कलमात मुलाचे स्वातंत्र्य हिरावणे हा अखेरचा उपाय असावा व तोही शक्य तितक्या अल्प काळापुरता असावा, असे म्हटले आहे. अल्प म्हणजे किती, हे आकड्यात सांगितलेले नाही. ते माणसाच्या विवेकावर सोडले आहे, आणि तेथेच घोटाळा होतो.

कोणी म्हणेल, बालगृह म्हणजे तुरुंग नव्हे. तेथे मुलांची काळजीच घेतात. हे म्हणणाऱ्याने आपल्या घरातील बोलणे आठवावे. मूल ऐकेनासे झाले म्हणजे मराठवाड्यातील आई त्यास कशाची भीती घालते? 'रिमांड होमला पाठवीन,' असेच ना? कायद्याने नावे बदलली, निरीक्षणगृह निराळे केले व बालगृह निराळे केले, फाटकावर नवी पाटी लावली. पण लोकांच्या तोंडचा शब्द बदलला नाही, कारण दाराची कडी ज्या बाजूस होती त्याच बाजूस राहिली. लोकभाषा पुष्कळ वेळा सरकारी भाषेहून अचूक असते.

या कडीविरुद्ध आपल्या महाराष्ट्रात एक स्त्री फार पूर्वी उभी राहिली होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांचे नाव आज तरुणांस ठाऊक नसेल. देशभरच्या तुरुंगांत सोळा वर्षांखालील मुले खितपत आहेत, अशी तक्रार घेऊन त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ च्या ऑगस्टात न्यायालयाने निकाल दिला की मुलांची जागा तुरुंगात नाही, आणि सर्व राज्यांत मुलांसाठी एकच केंद्रीय कायदा असावा असे मत दिले. त्याच वर्षी पहिला बालन्याय अधिनियम संमत झाला. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी नावाची १९२७ पासूनची संस्था निरीक्षणगृहे चालवीत असे. मानखुर्द येथील तिच्या गृहातील मुले दीर्घकाळ ठेवली जातात याविषयी बारसे यांनी उच्च न्यायालयास पत्र लिहिले व प्रकरण तेथूनही सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९८६ च्या डिसेंबरात न्यायालयाने बजावले की निरीक्षणगृहात मुलास फार काळ ठेवता कामा नये, आणि अशी संस्था खाजगी मंडळाने चालविली असली तरी राज्यावरची बंधने तिच्यावरही आहेत. आम्हांस या हकीकतीतील महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की तक्रार एका बऱ्यापैकी नावलौकिक असलेल्या, धर्मादाय म्हणविणाऱ्या संस्थेविषयी होती. परोपकार करणाऱ्या हातानेही कडी लागू शकते. संस्था चालविणाऱ्या आपणां ख्रिस्ती लोकांस हे ऐकणे गोड वाटणार नाही, पण ऐकावे.

थोडे सातासमुद्रापलीकडे पाहू. १९८५ साली एल साल्वादोरची पंधरा वर्षांची जेनी फ्लोरेस ही मुलगी अमेरिकेच्या सीमेवर एकटी पकडली गेली. तिची मावशी तिला घरी न्यावयास तयार होती. पण आईबाप वा कायदेशीर पालक याखेरीज कोणाच्याही हाती मूल देणार नाही, असा सरकारी नियम आडवा आला. मुलगी अनोळखी प्रौढांसमवेत कोंडून ठेवली गेली. तिच्या नावाने जो दावा लागला त्यात १९९३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली, पण भांडण चालूच राहिले, आणि १९९७ साली तडजोड होऊन मुलांस विनाविलंब नातलगांच्या हवाली करावे असे ठरले. मावशी ही आई नव्हे, असे म्हणणारा नियम आपल्या मराठी माणसास किती विचित्र वाटावा! ज्या भाषेत 'माय मरो पण मावशी जगो' असे म्हणतात त्या भाषेत तो नियम उच्चारताही येणार नाही. आणि तरी मनमाडास तेच झाले. मुलांसोबत आईबाप नव्हते, एवढ्यावरून संशय पक्का धरला गेला.

पुढे २०१८ साली त्याच अमेरिकेत आईबापांसह आलेली मुलेही त्यांच्यापासून तोडून निराळी ठेवण्यात आली. जून महिन्यात एका न्यायाधीशाने ती परत जोडून देण्याचा हुकूम केला तेव्हा असे दिसून आले की कोणते मूल कोणाचे याची धड नोंदच सरकारपाशी नाही. टेक्सास प्रांतात टॉर्निलो येथे वाळवंटात तंबू ठोकून एकट्या आलेल्या मुलांची छावणी उभारली होती. ती निषेधानंतर २०१९ च्या जानेवारीत उठली. त्याच वर्षी जुलैच्या १८ तारखेस वॉशिंग्टन येथे सेनेटच्या कचेरीच्या घुमटाखाली कॅथलिक धर्मभगिनी, धर्मगुरू व सामान्य प्रापंचिक जमले. कोठडीत मरण पावलेल्या मुलांची छायाचित्रे त्यांच्या हाती होती. पाच जण जमिनीवर क्रुसाच्या आकारात आडवे झाले. बाकीचे प्रार्थना म्हणत उभे राहिले. पोलिसांनी सत्तर जणांस अटक केली. त्यांत ९० वर्षांच्या सिस्टर पॅट मर्फी होत्या. नव्वदाव्या वर्षी मनुष्य नातवंडांच्या हातचा चहा पीत ओसरीवर बसतो; ही बाई हात मागे बांधून घ्यावयास गेली, तेही ज्यांचे नाव-गाव तिला ठाऊक नाही अशा लेकरांसाठी.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या स्थलांतरितांच्या जागतिक दिनाकरिता जो संदेश दिला, त्याचा सर्व विषयच असहाय व मूक अशी स्थलांतरित बालके हा होता. संदेश आपल्याकडेही पोहोचला असेल. परंतु संदेश पोहोचणे निराळे आणि भुसावळच्या फलाटावर त्याचा अर्थ लावणे निराळे.

आता आपल्या दाराशी येऊ. जून महिन्यात लातूर स्थानकावर किंवा बसस्थानकात जाऊन उभे राहा. पंधरा-सोळा वर्षांची मुले-मुली, हाती पत्र्याची पेटी किंवा मोठी पिशवी, उतरताना दिसतील. कोणी उदगीर-अहमदपूरची, कोणी विदर्भातली, कोणी खानदेशातली. पुष्कळांसोबत बाप असतो, पुष्कळांसोबत गावचा कोणी काका, आणि काही एकटीच असतात. शिकवणीच्या गल्लीत त्यांस खोली मिळते, खानावळ मिळते. 'लातूर पॅटर्न' या नावाने या शहराची जी कीर्ती झाली ती या आईबापांवाचून आलेल्या मुलांच्याच बळावर. नांदेडातही आता तोच ओघ आहे. यांतील एकासही आजवर कोणी मनुष्यव्यापाराच्या संशयाने फलाटावर बसवून ठेवल्याचे आम्ही ऐकले नाही. ठेवूही नये! पण मग अररियाचे मूल शिकावयास निघाले तर त्याचे निघणे संशयास्पद का? दोघांचे वय एक, दोघांचे आईबाप घरी, दोघेही विद्येसाठीच निघालेले. फरक टोपीचा आहे, भाषेचा आहे आणि पैशाचा आहे. ज्याचा बाप फी भरतो ते मूल विद्यार्थी. ज्याच्या बापास फी परवडत नाही म्हणून जो फुकट अन्नविद्या देणाऱ्या ठिकाणी मूल धाडतो, त्याचे मूल मात्र 'तस्करीचा बळी' ठरते.

अररियाचा बाप मूल इतके लांब का धाडतो, हाही प्रश्न विचारला जातो, आणि थोड्या तिरस्कारानेच विचारला जातो. २००८ च्या ऑगस्टात कोसी नदीने बांध फोडून जी गावे बुडविली त्यांत अररिया जिल्हाही होता. पुराने शेत गेले, कर्ज राहिले. अशा घरात चार मुले असली आणि त्यांतील एकास दोन वेळचे जेवण व अक्षरओळख कोठे मिळत असेल, तर बाप अंतर मोजीत नाही. आपल्याकडे हे कळावयास हवे. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरून आणि किनवटच्या डोंगरातून दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन माणसे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. फेडल्यावाचून सुटका नाही. मुले कधी म्हातारीपाशी राहतात, कधी संगे जातात, आणि कधी हंगामाच्या मध्येच एखादा दूरचा मामा दोन-तीन पोरे घेऊन एस.टी.ने त्यांच्या आईबापांकडे पश्चिम महाराष्ट्रात पोहोचवावयास निघतो. त्या मामापाशी कोणता कागद असतो? शिधापत्रिकेची चुरगळलेली नक्कल असली तरी पुष्कळ. मनमाडचा न्याय उद्या कोठल्याही बसस्थानकात लागू झाला तर तो मामा कोठडीत आणि ती पोरे बालगृहात.

आणि आपली बोर्डिंगे? औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, तेव्हापासून व त्याच्या पूर्वीपासूनही, मराठवाड्यातील मिशनचे काम वस्तीगृहांवाचून सांगताच येत नाही. खेड्यातील मूल धर्मगुरूच्या किंवा प्रचारकाच्या हाती देऊन आईबाप निश्चिंतपणे परत जात, त्या विश्वासावर पिढ्या शिकल्या. या सभेत बसलेल्या किती प्रौढांची पहिली पाटी अशाच एखाद्या बोर्डिंगात फुटली असेल! तोच विश्वास आज गुन्ह्याचा पुरावा ठरू लागला आहे. २०१७ च्या मे महिन्यात झाबुआ भागातील आदिवासी मुले नागपुरास ख्रिस्ती उन्हाळी शिबिरासाठी जात असता रतलाम स्थानकावर उतरविली गेली, आणि सोबतच्या माणसांवर अपहरण व धर्मांतराचे आरोप ठेवून त्यांस तुरुंगात टाकले गेले. आमच्या मुलांस आम्हीच धाडले, असे आईबाप सांगत राहिले. २०२५ च्या २५ जुलैस छत्तीसगडात दुर्ग स्थानकावर दोन धर्मभगिनी व एक आदिवासी तरुण यांस अटक झाली. सोबतच्या तिघी तरुणी सज्ञान होत्या, नोकरीकरिता निघाल्या होत्या, घरच्यांची संमती होती. तरी जामीन मिळावयास २ ऑगस्ट उजाडला.

दुर्गच्या वेळी देशभर ख्रिस्ती जनांनी मोर्चे काढले, मेणबत्त्या लावल्या, संसदेच्या दाराशी आवाज उठला. ते योग्यच झाले. पण आमचे म्हणणे असे की ज्याने दुर्गचे नाव घेतले त्याने मनमाडचेही घेतले पाहिजे. तेथील मुले मुसलमान होती आणि मदरशात जात होती, म्हणून हा त्यांचा प्रश्न, असे कोणी मनात म्हणत असेल, तर त्याने रतलामच्या फलाटावर उभे राहून पुन्हा विचार करावा. कलम तेच होते की निराळे, वर्दी कोणी दिली, या तपशिलात फरक असेल. गरिबाने परक्याच्या हाती विश्वासाने दिलेले मूल, आणि त्या विश्वासावर विश्वास न ठेवणारे सरकार, हे दोन्ही ठिकाणी एकच.

या आपल्या मुलखास निराश्रित लेकरांची ओळख जुनी आहे. १९४७-४८ साली रझाकारांच्या भयाने मराठवाड्यातील माणसे सीमा ओलांडून बार्शी-सोलापुराकडे गेली, आणि १९४८ च्या सप्टेंबरनंतर याच नांदेड व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील मुसलमान कुटुंबांवर तीच पाळी, अधिकच भयंकर रूपाने, आली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच मोडत असे. दोन्ही वेळा लेकरे कोणाच्या तरी हाती देऊन वाट धरावी लागली, आणि ज्याने ती सांभाळली त्यास कोणी पावती मागितली नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीस भूकंप झाला, तेव्हाची गोष्ट तर इथल्या पन्नाशीच्या माणसांस स्वतःच्या अनुभवाची आहे. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त गावांतील सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गास 'आपलं घर' उभारले. ती मुले कुलुपात नव्हती. गावची माणसे भेटावयास जात, सुटीत मुले गावी येत. नाव, गाव, आप्त यांची गाठ तुटू न देता परक्या मुलास आश्रय कसा द्यावा, हे मराठवाड्याने एकदा करून पाहिलेले आहे. आणि २०२० साली टाळेबंदीत पंजाबचे हजारो यात्रेकरू नांदेडास अडकून पडले, तेव्हा गुरुद्वाराच्या लंगरात पंगतीस बसणाऱ्यास त्याचे ओळखपत्र कोणी विचारले होते?

निषेध कसा करावयाचा, हे आता थोडक्यात. मोर्चाविरुद्ध आम्ही नाही, पण मोर्चा आटोपून आपण घरी येतो व मूल तेथेच राहते. म्हणून आमच्या सूचना फार साध्या, जवळजवळ कारकुनी स्वरूपाच्या आहेत.

नांदेड व लातूर या दोन्ही जिल्ह्यांस आपापली बालकल्याण समिती आहे. तिच्या बैठका महिन्यातून निदान वीस दिवस झाल्या पाहिजेत, असा कायदा आहे. आपल्या सभासदांपैकी दोघांनी, एक पुरुष व एक स्त्री, तेथे जाऊन परिचय करून घ्यावा. परमुलखातील मूल आले तर हिंदी, उर्दू, तेलुगू जाणणारे माणूस आम्ही तासाभरात धाडू, असे सांगून ठेवावे. केरळच्या धर्मभगिनी आपल्यात आहेत, तेलंगणाची सीमा नांदेडपासून दूर नाही. भाषेची अडचण आपणांस तरी पडू नये. मुलाशी त्याच्या भाषेत पहिल्या सायंकाळी कोणी बोलले तर बारा दिवसांचे दोन दिवस होतात, असा आमचा होरा आहे. आपल्याच बोर्डिंगांतून येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांसोबत आईबापांच्या सहीचे वा अंगठ्याचे पत्र, त्यावर गावच्या ग्रामपंचायतीचा शिक्का व दूरध्वनीचा अंक, एवढे जूनपासून असावेच. काहींस हे अपमानास्पद वाटेल. आम्हांसही वाटते. परंतु पोरगे फलाटावर बसलेले असता आपल्या मानाचा विचार मागाहून करता येईल. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांसाठीही असेच पत्र धर्मग्रामाच्या कचेरीतून लिहून द्यावे, आणि ते ख्रिस्ती आहेत की नाहीत हे पाहू नये.

आणखी एक. मनमाडसारख्या प्रसंगात गरीब बापास सर्वांत मोठा अडथळा असतो तो प्रवासखर्चाचा. हुकूम होतो की पालकाने जातीने येऊन मूल घेऊन जावे. पालकापाशी तिकिटाचे पैसे नसतात, रोजगार बुडतो, आणि मूल एकेक दिवस अधिक राहते. ज्युबिलीच्या निधीतून मंदिराची रंगरंगोटी व्हावयाची आहे, ध्वनिक्षेपक नवा घ्यावयाचा आहे. ते सर्व व्हावे. त्याच निधीतून एक लहानशी रक्कम निराळी काढून ठेवावी आणि तिच्यातून, या दोन जिल्ह्यांत अडकलेल्या कोणत्याही मुलाच्या आईस वा बापास, मग ते बिहारचे असोत की बस्तरचे, येण्याजाण्याचे भाडे व राहण्याचे दोन दिवसांचे जेवण द्यावे. हिशेब महिला मंडळाकडे असावा. त्यांच्या वह्या नीट असतात. धर्मग्राम परिषदेच्या पुढील बैठकीत हा ठराव आम्ही लेखी मांडणार आहो, आणि त्यास अनुमोदन देणाऱ्यांनी सभा संपल्यावर दाराशी ठेवलेल्या कागदावर आपली नावे लिहावी.